विंडोज ११ टाकताना आधी टीपीएमचा एरर, मग एमबीआरचा, आता ०एक्स८००७०२५डी. जुन्या डिस्कवर ‘क्लीन’ करू का?

पाटी_पेन्सिल (प्रश्न)

घरच्या असेंबल्ड डेस्कटॉपवर विंडोज १० आहे. तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून नव्या एसएसडीसह विंडोज ११ कोरी टाकायची आहे.

मशीन असं: इंटेल आय५-८४००, एच३१० चिपसेटचा मदरबोर्ड (२०१८ चा), डीडीआर४ रॅम ४+४ जीबी (दोन पट्ट्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या, दुसरी नंतर बसवलेली), जुनी १ टीबी हार्डडिस्क, नवी ५०० जीबीची साटा एसएसडी. दोन्ही डिस्क जोडलेल्या आहेत. पेनड्राइव्ह १६ जीबीचा, रूफस नावाच्या सॉफ्टवेअरने बनवलेला. आयएसओ (विंडोजची इन्स्टॉलेशनची फाइल) मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेली आहे.

झालं ते क्रमाने लिहितो.

पहिल्या दिवशी सेटअप सुरू होताच ‘धिस पीसी कान्ट रन विंडोज ११’ आलं. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पीटीटी (इंटेलचं अंगभूत टीपीएम, विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू केलं, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद केलं, तेव्हा तो मेसेज गेला. पुढे डिस्क निवडायच्या स्क्रीनवर ‘ड्राइव्ह ०’ ९३१.५ जीबी, त्यात चार पार्टिशन. तिथलं पहिलं निवडलं तर ‘द सिलेक्टेड डिस्क हॅज ॲन एमबीआर पार्टिशन टेबल’ असं आलं (एमबीआर ही पार्टिशनचा तक्ता ठेवायची जुनी पद्धत, जीपीटी ही नवी). ‘ड्राइव्ह १’ ४६५.८ जीबी, पूर्ण ‘अनॲलोकेटेड’ (एकही पार्टिशन नसलेली). रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच ‘कान्ट रन’चा मेसेज. पाहतो तर पीटीटी आपोआप बंद झालेलं. पुन्हा चालू केलं आणि या वेळी ड्राइव्ह १ निवडली. कॉपी ३७ टक्क्यांवर थांबली, एरर ०एक्स८००७०२५डी. सगळं पहिल्यापासून केलं, या खेपेला ६२ टक्क्यांवर तोच एरर.

एका व्हिडिओत सांगितलंय की शिफ्ट आणि एफ१० दाबून डिस्कपार्ट (डिस्कची पार्टिशन सांभाळणारी कमांड) उघडायचं, ड्राइव्ह ० ‘क्लीन’ करून जीपीटी करायची, की सगळे एरर जातात. डी आणि ई ड्राइव्हवर घरातले फोटो आणि कागदपत्रं आहेत. करू का?

ओसरी

करू नका. आधी हे एक वाक्य वाचा, बाकीचं नंतर: डिस्कपार्टमधलं ‘क्लीन’ एका पार्टिशनवर चालत नाही, अख्ख्या डिस्कवर चालतं. ते सी, डी, ई काही बघत नाही, पार्टिशनचा तक्ताच पुसून टाकतं आणि ‘आर यू शुअर’ असंही विचारत नाही. फोटो गेले की रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून मिळतील तेवढेच.

आणि तुम्हाला त्याची गरजच नाही. एमबीआरचा एरर ड्राइव्ह ० चा आहे. पेनड्राइव्ह युईएफआय (बायोसची नवी पद्धत) मोडमध्ये बूट झाला की सेटअपला जीपीटी डिस्कच लागते, आणि तुमची जुनी हार्डडिस्क एमबीआर आहे. एवढाच त्याचा अर्थ. डिस्क खराब नाही. विंडोज ड्राइव्ह ० वरच टाकावी लागते असा समज बराच पसरलाय, तसं काही नसतं. हा आकडा सहसा मदरबोर्डवरच्या साटा पोर्टच्या क्रमाने पडतो.

एसएसडी पूर्ण अनॲलोकेटेड दिसतेय हे उत्तम. ती निवडून नुसतं ‘नेक्स्ट’ दाबलं की सेटअप स्वतःच तिला जीपीटी करतो आणि लागणारी छोटी पार्टिशन पाडतो. ३७ आणि ६२ टक्क्यांवर अर्धवट थांबल्यामुळे आता तिथे दोन-तीन पार्टिशन दिसतील. फक्त ड्राइव्ह १ वरची एकेक ‘डिलीट’ करा, पुन्हा अनॲलोकेटेड होईल.

पण त्याआधी मशीन बंद करून, पिन काढून, कॅबिनेट उघडा आणि जुन्या हार्डडिस्कची साटा डेटा केबल (चपटी, सात संपर्कांची) मदरबोर्डाच्या बाजूने काढून ठेवा. पॉवरची राहिली तरी चालेल. आता स्क्रीनवर एकच डिस्क दिसेल, ४६५.८ जीबीची, आणि नावही ‘ड्राइव्ह ०’ होईल. चुकीच्या डिस्कवर बोट पडायचा प्रश्नच उरत नाही. शिवाय ज्यांच्या जुन्या डिस्कवर आधीच ईएफआय पार्टिशन असतं, त्यांच्याकडे सेटअप बूटच्या फाइली त्या जुन्या डिस्कवर टाकतो. मग वर्षभराने ती डिस्क काढली की नवी विंडोज उठतच नाही. तुमची एमबीआर असल्याने हे तुम्हाला लागू नाही, पण सवय म्हणून केबल काढणं चांगलं.

०एक्स८००७०२५डी हा वेगळा विषय आहे, त्याचा एमबीआरशी संबंध नाही. त्यावर जाणकार लिहितीलच.

घडीव_दगड

डिस्कपार्टची काही गरज नाही. मायक्रोसॉफ्टचं एमबीआर२जीपीटी नावाचं टूल विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून आतच येतं. ते डेटा न घालवता एमबीआरची जीपीटी करतं. आधी ‘व्हॅलिडेट’ चालवायचं, पास झालं तर ‘कन्व्हर्ट’. मग जुनी विंडोज १० जशीच्या तशी ११ वर अपग्रेडही करता येईल.

ओसरी

टूल चांगलं आहे, पण इथे बहुधा व्हॅलिडेटलाच नापास होईल. एमबीआर२जीपीटीला डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात, आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल पार्टिशन एकही चालत नाही. आपल्याकडे दुकानात मशीन जोडून देताना सी, डी, ई, एफ पाडून द्यायची पद्धत. त्यात सी प्रायमरी आणि बाकीची एका एक्स्टेंडेडच्या पोटात लॉजिकल, असंच बहुतेक ठिकाणी असतं. डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहा: डी आणि ई भोवती हिरवी चौकट असेल तर ते एक्स्टेंडेड आहे.

बरं, कोरी विंडोज एसएसडीवरच टाकायची आहे. मग फोटो असलेल्या डिस्कचा पार्टिशन तक्ता बदलायचा धोका कशासाठी घ्यायचा? डेटा ठेवायला एमबीआर डिस्क विंडोज ११ मध्ये व्यवस्थित चालते. जीपीटीची अट फक्त बूट होणाऱ्या डिस्कला.

नाणेघाट_वाट

प्रश्नातलं एक वाक्य कोणी उचललेलं दिसत नाही: “रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं” आणि सकाळी पीटीटी आपोआप बंद. बायोसच्या पहिल्या पानावरची तारीख बघा. २०१८ किंवा तशीच काही जुनी दिसली तर मदरबोर्डावरचा सेल गेलाय.

तो सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो. मशीनला वीज असते तोवर बायोस सेटिंग मुख्य सप्लायवर टिकतात, म्हणून दिवसभर सगळं ठीक वाटतं. बोर्डाचं बटण बंद झालं की सेलवर येतात, आणि तो मेला असेल तर सगळं फॅक्टरी सेटिंगला जातं. २०१८ च्या पुष्कळ बोर्डांवर फॅक्टरी सेटिंगमध्ये पीटीटी बंदच असतं. विंडोज ११ टीपीएम २.० शोधते, तिला ते सापडत नाही, आणि मग तुमचा मेसेज.

तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो, त्यामुळे टीपीएम तपासणी टाळायचे रजिस्ट्रीचे उपाय करू नका. सेल बदला. मल्टिमीटर असेल तर मोजा: नवा ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.७ च्या खाली असेल तर काढून टाका. मशीनची पिन काढायची, सेलच्या कडेची पत्र्याची खिट्टी नखाने बाहेर ढकलायची, सेल वर उडी मारतो. नवा बसवताना ‘+’ खूण वर. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. खिट्टी वाकली की सेल सैल बसतो आणि मग हाच आजार अधूनमधून येतो, जो शोधणं फार अवघड.

सेल बदलल्यावर या क्रमाने: तारीख-वेळ, मग पीटीटी, मग सीएसएम बंद, मग सेव्ह. पीटीटी कुठे सापडेल ते बोर्डावर अवलंबून. असुसमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’खाली ‘पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशन’, गिगाबाइटमध्ये ‘पेरिफेरल्स’, एमएसआयमध्ये ‘सिक्युरिटी’खाली ‘ट्रस्टेड कॉम्प्युटिंग’. तारीख चुकीची ठेवून पुढे गेलात तर इन्स्टॉल झाल्यावर अपडेट आणि ॲक्टिव्हेशन अडतं, कारण सर्व्हरची सर्टिफिकेट त्या तारखेला ग्राह्य ठरत नाहीत.

वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना. सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका. जुन्या ग्राफिक कार्डाच्या आत युईएफआयसाठीचा भाग नसतो, म्हणून चित्र येत नाही. मशीन बंद करून कार्ड काढा आणि मॉनिटर मदरबोर्डाच्या एचडीएमआयला लावा. आणि सीएसएम बंद असताना एमबीआर डिस्कवरची जुनी विंडोज बूट होणार नाही. ती पुसली गेलेली नसते. सीएसएम चालू केलं की पुन्हा उठते.

तांब्याची_तार

आता ०एक्स८००७०२५डी. मेसेजमध्ये ‘विंडोज कॅनॉट इन्स्टॉल रिक्वायर्ड फाइल्स’ असं लिहिलेलं असतं, म्हणून लोक पाच वेळा आयएसओ उतरवतात. पण तुमच्या प्रश्नात दोन आकडे आहेत, ३७ आणि ६२, आणि तेच महत्त्वाचे.

सेटअप पेनड्राइव्हवरची एक मोठी दाबलेली फाइल थोडी थोडी वाचतो, रॅममध्ये उलगडतो, बरोबर आली का तपासतो आणि डिस्कवर लिहितो. आयएसओ किंवा पेनड्राइव्हचा एखादा भाग खराब असेल तर गाडी दर वेळी त्याच ठिकाणी अडकते. जागा बदलत असेल तर वाटेत कुठेतरी बिट पलटतोय. संशय पहिला रॅमवर, मग यूएसबी पोर्टवर, मग साटा केबलवर. दोन वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या आणि त्यातली एक नंतर घातलेली, म्हणजे रॅमपासूनच सुरू करा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलून काम झालं तर दोष कशात होता ते कळत नाही, आणि रॅमचा दोष लपून राहिला तर तो पुढे तुमच्या फाइलींमध्ये घाण करतो.

मशीनची पिन काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या न रंगवलेल्या पत्र्याला हात लावा. दोन्ही पट्ट्या काढा. सोनेरी दातांवर काळपट थर असेल तर शाळेतलं पांढरं मऊ खोडरबर दातांच्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने फिरवा. आडवं नाही. शाईचं खरखरीत रबर वापरू नका, ते सोन्याचा मुलामा खरवडतं. रबराचा चुरा ब्रशने झटका, एक कणही स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. मग एकच पट्टी, एकाच स्लॉटमध्ये, दोन्ही बाजूंना ‘टक’ होईपर्यंत दाबा. एका बाजूची टक न झालेली पट्टी कधी कधी चालू होते आणि हेच असले एरर देते.

आता रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ ची फुकट आवृत्ती उतरवा. तिच्या झिपमध्येच पेनड्राइव्ह बनवायचं टूल असतं. तो पेनड्राइव्ह दुसरा घ्या, इन्स्टॉलेशनचा तसाच राहू द्या. चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या, ४ जीबीच्या पट्टीलाही तास-दीड तास सहज लागतो. एररचा आकडा शून्य हवा. एक आला तरी पट्टी बाद, तिथे उदारपणा नको. पट्टी नापास झाली तर तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पुन्हा चालवा, म्हणजे दोष पट्टीचा की स्लॉटचा ते ठरेल. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) चालू असेल तर चाचणीपुरतं बंद ठेवा.

रॅम स्वच्छ निघाली तर पेनड्राइव्ह मागच्या यूएसबी २.० पोर्टला लावा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमागे लांब बारीक वायर असते. पेनड्राइव्हवर शंका असेल तर रूफसमध्ये ‘चेक डिव्हाइस फॉर बॅड ब्लॉक्स’वर टिक करून पुन्हा बनवा. वेळ लागतो, पण वर ६४ छापलेला आणि आत ८ जीबी असलेला बनावट पेनड्राइव्ह त्यात पकडला जातो. त्यानंतर साटा केबल. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सीआरसी एरर’चा आकडा दर वेळी वाढत असेल तर डिस्क चांगली आणि केबल खराब.

आयएसओ एकदाच तपासा. कमांड प्रॉम्प्टमधल्या सर्टयुटिलने फाइलचा एसएचए२५६ (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा ठसा) काढा आणि मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावर दिलेल्या ६४ अक्षरांशी जुळवा. जुळला की आयएसओचा विषय संपला.

पाटी_पेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. निकाल देतो.

बायोसमध्ये तारीख १ जानेवारी २०१८. सेल २.४१ व्होल्ट. नवा बसवला, रात्रभर बोर्ड बंद ठेवला, सकाळी पीटीटी चालूच आणि वेळही बरोबर.

जुनी पट्टी चार फेऱ्या शून्य एरर. नंतर घेतलेली पट्टी पहिल्याच फेरीत २१ एरर, दुसऱ्या स्लॉटमध्येही एरर. ती काढून ठेवली. हार्डडिस्कची केबल काढली, एसएसडीवरची अर्धवट पार्टिशन डिलीट केली, इन्स्टॉल सरळ १०० टक्के. डी-ईचा एक बाइटही हलला नाही.

दोन शंका. आता ४ जीबीच रॅम उरली, चालेल का? आणि हार्डडिस्क परत जोडताना काय काळजी घ्यायची?

तांब्याची_तार

४ जीबी ही विंडोज ११ ची किमान अट आहे. चालेल, पण ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडले की डिस्कवर अदलाबदल सुरू होईल. ४ ची जोडी शोधत बसू नका, ८ जीबीची एक पट्टी घ्या: डीडीआर४, डेस्कटॉपची लांब, २६६६ मेगाहर्ट्झ. ३२०० ची मिळाली तरी बसते, तुमच्या बोर्डावर २६६६ ने चालेल. नवी आली की तिलाही मेमटेस्ट लावा, बदलून घ्यायची मुदत आहे तोवरच. काढलेल्या पट्टीचं बिल शोधा, रॅमवर वॉरंटी लांब मुदतीची असते.

मधली_सुट्टी

इथेच विचारते. लॅपटॉप आहे, इंटेल ११ व्या पिढीचा, एनव्हीएमई एसएसडी. सेटअपमध्ये एकही ड्राइव्ह दिसत नाही, यादी रिकामी. बायोसमध्ये मात्र एसएसडीचं नाव येतं.

नाणेघाट_वाट

ताई, एसएसडी ठीक आहे. ११ व्या पिढीपासून बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावर मॉडेल टाकून ‘इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’चा ड्रायव्हर घ्या. तो इएक्सई स्वरूपात मिळतो आणि तसाच पेनड्राइव्हवर टाकून उपयोग नाही. सेटअपला आतल्या इन्फ आणि सिस फाइली लागतात, म्हणून आधी दुसऱ्या मशीनवर तो उलगडा. इंटेलच्या साइटवरची सेटअपआरएसटी फाइल असेल तर तिला कमांड प्रॉम्प्टमधून एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्सचा पर्याय लावून फोल्डर काढता येतं. त्यातलं व्हीएमडीचं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा, सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ दाबून ते दाखवा. यादीत एसएसडी लगेच येते.

बायोसमधून व्हीएमडी बंद केलं तरी ड्राइव्ह दिसते. पण आताची विंडोज अजून हवी असेल तर ते करू नका, ती ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची निळी स्क्रीन दाखवेल. पुन्हा चालू केलं की पूर्ववत.

आणि लॅपटॉपवर कोरी विंडोज टाकण्याआधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती नसेल तर दुसऱ्या पार्टिशनवरचा डेटा समोर दिसूनही उघडणार नाही.

ओसरी

पाटी_पेन्सिल, हार्डडिस्क जोडताना मशीन बंद, केबल परत त्याच पोर्टला. सुरू झाल्यावर बायोसमध्ये बूट क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वांत वर आहे ना ते बघा. विंडोजमध्ये डी-ई दिसल्या नाहीत तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन फक्त अक्षर द्या. कुठेही ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ विचारलं तर रद्द करा आणि इथे लिहा.

जुना सी ड्राइव्ह लगेच पुसू नका. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स त्याच्यावरच असतात, ‘युजर्स’मध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये. उघडताना परवानगी नाही म्हणेल, ‘कन्टिन्यू’ दाबा आणि थांबा, फायली जास्त असतील तर काही मिनिटं लागतात. घरात कोणी टॅली वापरत असेल तर तिचा डेटा फोल्डरही सी-वर आहे का पाहा.

आणि एक गोष्ट जी मराठी कागदपत्रं असणाऱ्या घरात हमखास राहते. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइली युनिकोड नसतात. फाइल सुखरूप असली तरी फॉन्ट नसेल तर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसतो आणि माणसाला वाटतं फाइल बिघडली. जुन्या सी-वरच्या ‘विंडोज’मधल्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून त्या फॉन्टच्या टीटीएफ फाइली नव्या डिस्कवर कॉपी करा, राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ द्या, वर्ड बंद करून पुन्हा उघडा. एखादं जुनं पत्र नीट वाचता आलं की मगच जुन्या सी-ला हात लावा.